भंगारातला स्टॅनली

जुन्या फर्निचरची दुरुस्ती हा माझा धंदा, त्यामुळे पितळी कड्या-बिजागऱ्यांसाठी पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चक्कर असतेच. हा बाजार भरतो बुधवारी आणि रविवारी; बुधवारी दुकान सोडवत नाही, म्हणून रविवारी. एखादं हत्यार हाती लागलं तर तो वरकड नफा.

परवा नळाच्या तोट्या आणि सायकलच्या चेनींच्या ढिगात बिडाचा रंधा दिसला. गंजून लाल. गंजाचं काही नाही, रॉकेल आणि पॉलिश पेपरनं तो निघतो. धास्ती असते ती तड्याची. पातं काढून नुसत्या सांगाड्यावर किल्ली वाजवली, आवाज खणखणीत. पातं जिथून बाहेर येतं त्या तोंडाच्या कडांवरून नख फिरवलं, कुठे अडलं नाही. (रंधा हातातून पडला की आधी तिथेच तडकतो.)

मागची मूठ मूळची नव्हती. मूळची शिसवी असते. ही कुणा सुतारानं सागाची घडवलेली, आणि झकास घडवलेली. तिच्या पुढ्यात, पात्याच्या बैठकीमागे, भुसा आणि तेलाचा घट्ट थर होता. आगकाडीनं खरवडला तर खालून ओतीव इंग्रजी अक्षरं वर आली. पेटंटच्या तीन तारखा: दोन १९०२ च्या, तिसरी १९ एप्रिल १९१०. अमेरिकेतल्या न्यू ब्रिटनच्या स्टॅनली कारखान्यातून असे तीन तारखांचे रंधे साधारण १९१० ते १९१८ मध्ये निघाले. पुढची गोल मूठही बुटकी होती. उंच मूठ त्यानंतरची.

पात्यावर मात्र इंग्लंडमधल्या शेफील्डच्या 'रेकॉर्ड' कंपनीचा शिक्का! रेकॉर्डचे रंधे आले १९३१ मध्ये, स्टॅनलीच्याच बेतावर, म्हणून पातं चपखल बसलेलं. संग्रहवाले अशा जोडकामाला नाक मुरडतात. मुरडोत. मला त्यावर काम करायचंय, आणि पात्याच्या खाचेपुढे चांगलं दीड इंच पोलाद शिल्लक होतं.

विक्रेता तोवर पातं खाली-वर करायची मागची पितळी चाकी पिळून बघत होता. "जाम झालीय दादा, तेल सोडा, होईल मोकळी." जाम कसली! तिचे आटे उलटे असतात. तो सोडवायला जाई आणि ती आवळत जाई. मी गप्प. घासाघीस व्हायची होती.

"चाकी जाम, मूठ बदललेली, आठशे कसले?" म्हणत पाचशेवर आणलं. पैसे दिल्यावर मात्र चाकी कशी फिरते ते त्याला दाखवलं. पुढच्या वेळी असा रंधा आला की दीड हजार सांगणार पठ्ठ्या.