आमची वाटचाल: चकाचक करून मिळणार नाही

मी आणि माझा भाऊ, दोघांनी मिळून मेकॅनिकल घड्याळांच्या सर्व्हिसिंगचं काम सुरू केलं तेव्हा येईल ते घड्याळ घ्यायचो, आणि गिऱ्हाईकाचं म्हणणं ठरलेलं असायचं, चालू करा आणि नव्यासारखं चमकवून द्या. बफिंग मशीन, म्हणजे घासून चमक आणणारं, होतंच. खरं सांगायचं तर पैसे त्यातच जास्त सुटायचे.

पुढे जुने क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेली घड्याळं, जमवणारे लोक यायला लागले आणि त्यांचं सगळंच उलटं. आत काय करायचं ते करा पण बाहेरून हात लावू नका, ओरखडे असू देत, डायलवरचा पिवळा पडलेला चमकता ठिपका असू दे!

हे का, ते रोलेक्स डेटोना ६२३९ वरून लगेच कळतं. १९६३ साली आलेलं, चावीवर चालणारं स्टीलचं घड्याळ. त्याचा एक वेगळा डायल होता, छोट्या डायलमधल्या रेघांच्या टोकाला बारीक चौकोन आणि कडेला वेगळ्या रंगाची पट्टी, आणि तेव्हा तो फारसा कोणी घेत नव्हतं. नंतर त्यालाच हॉलिवूडच्या नटावरून पॉल न्यूमन डायल म्हणायला लागले आणि खुद्द न्यूमनचं घड्याळ २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं. त्याच्या पाठीवर बायकोने 'गाडी जपून चालव' अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले होते. आता विचार करा, कुणी हौसेने ती पाठ बफला लावली असती तर!

मग आम्ही ठरवलं की जुन्या घड्याळाची केस पॉलिश करायची नाही म्हणजे नाही. बरीच गिऱ्हाइकं तुटली, एकाने तर तोंडावर सांगितलं की तुम्हाला काम येत नाही म्हणून नाही म्हणताय. पण जमवणाऱ्या मंडळींत नाव झालं ते ह्याच नकारामुळे.

हळूहळू सर्व्हिसिंगपेक्षा तपासणीचंच काम वाढलं. सगळी किंमत डायलमध्ये अडकलेली असल्यामुळे अस्सल घड्याळाला नकली डायल लावून विकणारे भरपूर, म्हणून पाठीमागचं झाकण उघडायच्या आधी अर्धा वेळ भिंगातून डायल बघण्यातच जातो. अंधारात नेऊन बघायचं ते वेगळंच. त्या काळच्या डायलच्या ठिपक्यांत ट्रिटियम, म्हणजे अंधारात उजेड देणारं किरणोत्सर्गी द्रव्य, असायचं, दर बारा-साडेबारा वर्षांनी त्याचा जोर निम्मा होतो, म्हणजे साठच्या दशकातला ठिपका आता रात्रभर झळकत असेल तर तो कुणीतरी नंतर भरलाय हे नक्की. लग्जमध्ये, म्हणजे पट्टा अडकवायच्या केसच्या शिंगांमध्ये, आरपार भोकं असतात, ती कडेच्या फार जवळ आलेली दिसली की समजायचं इथे कोणीतरी दाबून पॉलिश मारलेलं आहे आणि गेलेलं स्टील काही परत येत नाही.

ह्या डेटोनाच्या आतलं मशीन व्हॅल्जू ७२ ह्या स्विस क्रोनोग्राफ मशीनवर बेतलेलं, आणि माझ्या मते इतकं देखणं कामकाजी मशीन कमीच. बटण दाबलं की खांबासारखे दात असलेलं कॉलम व्हील एक घर पुढे सरकतं, एक लिव्हर त्या खाचेत पडते आणि बारीक दातांचं चाक आडवं येऊन सेकंदाच्या चाकात गुंततं. हे गुंतणं नीट बसवलेलं नसेल तर काटा सुरू होतानाच उडी मारतो. पूर्ण खोलायचं, धुवायचं, प्रत्येक जागी वेगळं तेल द्यायचं, मग टाइमग्राफरवर, म्हणजे टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर, क्रोनोग्राफ बंद आणि चालू अशा दोन्ही अवस्थांत बघायचं. चालू केल्यावर अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स चाकाचा झोका, थोडं पडणारच, भसकन पडलं तर परत खोला.

सध्या खरी अडचण पार्ट्सची आहे. हे मशीन बनायचं बंद झालं ते १९७० च्या दशकातच, त्यामुळे मोडकी मशीन घेऊन ठेवावी लागतात आणि छोटे स्क्रू, स्टेम (चावीचा दांडा) वगैरे भाऊ लेथवर स्वतःच काढतो. म्हणून वेळ लागतो, घाई असेल त्यांनी आधीच सांगा, आम्ही सरळ नाही म्हणू. आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट, अगदी तुटका का असेना, पुडीत घालून मालकाला परत देतो, तो फेकू नका, पुढे विकताना लोक तोही मागतात.