बुलडॉगची हद्द: आषाढीपासून गणपतीपर्यंत

आषाढी एकादशी

गणेश चतुर्थीला आजपासून साधारण साडेसात आठवडे. घरात बुलडॉग आहे आणि खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पाऊल टाकणाऱ्यावर तो धावून जातो, अशा घराने कामाला हात घालायचा तो आत्ताच. एकदा चाकरमानी उतरले, आरतीला वाडी लोटली, भजनाची मंडळी ओटीवर बसली की शिकवण्याची वेळ गेलेली असते. मग फक्त सांभाळणे उरते.

कोकणातल्या घराची हद्द कुत्र्याला उमगणे मुळातच कठीण. फ्लॅटला एक दार असते. इथे पाणंद खळ्याला लागून जाते, शेजारच्या काकू विहिरीवर जाताना पडवीसमोरून जातात, दगड रचून केलेला गडगा कमरेएवढाही नसतो आणि फाटक दिवसभर उघडे. सातबाऱ्यावरची हद्द माणसांपुरती. कुत्रा जिथवर दिसते आणि वास येतो तिथवर सगळे आपले धरतो. मग मासे घेऊन येणारी मावशी, पोस्टमन, सिलेंडरवाला, आंब्याच्या कलमांत काम करणारे गडी, शाळेची पोरे हे सगळे त्याच्या लेखी दिवसभर घुसखोरीच करत असतात.

म्हणून मला पहिले काम वाटते ते हद्द लहान करण्याचे. भुंकणे थांबवण्याचा विचार त्यानंतर. सबंध वाडीची राखण बुलडॉगच्या अंगावर टाकायची आणि वर तो चिडका निघाला म्हणायचे, हा त्याच्यावर अन्याय आहे. बैलाशी झुंजवण्यासाठी ही जात इंग्लंडमध्ये तयार झाली हे खरे, पण १८३५ साली तिथल्या कायद्याने त्या झुंजी बंद झाल्या आणि पुढच्या पिढ्या शांत स्वभाव पाहून वाढवल्या गेल्या. आजचा बुलडॉग राखणदार नाही. त्यात त्याचे नाकाड आखूड, श्वासाची वाट अरुंद. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो आणि कोकणातल्या दमट हवेत धापेचा उपयोग आणखी कमी होतो. वैशाखात भर दुपारी फाटकापाशी दहा मिनिटे ऊर फुटेस्तोवर भुंकणारा बुलडॉग उष्माघाताने जाऊ शकतो. माणसाला चावा बसण्याइतकाच हा धोकाही मोठा आहे.

रात्री तर त्याला बाहेर ठेवूच नये. बिबट्याचा वावर असलेल्या गावात बाहेरचा कुत्रा हे आयते भक्ष्य.

आषाढ वद्य, संततधार

सराव सुरू करण्याआधी पशुवैद्य. दुखणारा कुत्रा लवकर चावतो, आणि बुलडॉगला दुखायला जागा पुष्कळ. तोंडावरच्या सुरकुत्यांत, वळलेल्या शेपटीच्या बुडाशी, कानांत पावसाळ्यात ओल राहते, बुरशी आणि जंतू वाढतात. डोक्यावर हात नेला की हिसका देणारा कुत्रा पुष्कळदा कानाच्या दुखण्याने बेजार असतो. पापणी आत वळून बुबुळाला घासणे, खुब्याचा सांधा सैल असणे, मणक्याचे दुखणे हेही तपासून घ्यावे. मोठ्या वयात स्वभाव अचानक पालटला तर थायरॉइडसाठी रक्ततपासणी करायला सांगावे. सुरकुत्या रोज मऊ सुती कापडाने पुसून कोरड्या कराव्यात. नुसते पुसून ओल ठेवली तर न पुसल्यासारखेच.

हद्दीवरून होणारा राग बहुधा एक ते तीन वर्षांच्या दरम्यान, कुत्रा वयात आल्यावर वर येतो. पिल्लू असताना किती गोड होते, आता काय झाले, असे घरचे म्हणतात ते यामुळेच. नसबंदीने भटकणे आणि मूत टाकत फिरणे कमी होऊ शकते, पण अनोळखी माणसावरचा राग त्याने हमखास जात नाही. शिवाय बुलडॉगला भूल देणे जोखमीचे, म्हणून तो निर्णय डॉक्टरांशी सविस्तर बोलूनच घ्यावा.

आषाढ अमावास्या

पोस्टमनचा हिशेब आज मांडून ठेवतो, कारण सगळी गाठ तिथेच आहे. पोस्टमन येतो, कुत्रा भुंकतो, पोस्टमन पत्र टाकून जातो. त्याला तसेही जायचेच होते. कुत्र्याला मात्र कळते ते एवढेच की आपण भुंकलो आणि तो पळाला. हे रोज घडते, रोज त्याची जीत होते, आणि महिन्याभरात भुंकणे झेपेवर जाते. सरावाला बसण्याआधी ही रोजची जीत बंद करावी लागते. नाहीतर सकाळी शिकवलेले दुपारी पुसले जाते.

त्यासाठी नजर अडवायची. बुलडॉगची खांद्यापाशी उंची जेमतेम पंधरा इंच, तेव्हा फाटकाच्या गजांना आणि गडग्याच्या खिंडारांना खालून तीन फूट आडोसा पुरतो. हिरवी शेडनेट चालते, माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप त्याहून बरे, वारा अडत नाही. पडवीला अर्धे दार बसवावे, म्हणजे फाटक आणि कुत्रा यांच्यात दुसरा अडसर राहतो. फाटकाला घंटा बांधावी आणि नेहमीच्या माणसांना सांगावे, "घंटा वाजवून तिथेच थांबा, आम्ही येतो." मावशींना माशांची पाटी उतरवायला फाटकाबाहेर एक चिरा मांडून दिला की त्यांचीही सोय होते.

खळ्यात साखळीने बांधून ठेवणे हा सगळ्यात वाईट उपाय. बांधलेल्या कुत्र्याला मागे सरता येत नाही, म्हणून तो पुढेच जातो. आखूड किंवा जड साखळीने तासन्तास बांधून ठेवणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. दिवसभर त्याची जागा पडवीच्या आत किंवा मागल्या दारी, सावलीत, पंख्याखाली. ती आणि तेवढीच त्याची हद्द.

गडग्याच्या कडेने त्याला रोज फेरी मारायला नेऊ नये. त्याने पहाऱ्याची सवय पक्की होते. फिरवायचे ते वाडीबाहेर, उजाडताना किंवा दिवेलागणीनंतर.

नागपंचमी

बुलडॉगचा चेहरा वाचायला वेगळी सवय लागते. इतर कुत्र्यांची नाकावरची आठी, ताठलेली शेपटी, उचललेला ओठ या खुणा इथे दिसत नाहीत. सुरकुत्या कायमच्याच आणि शेपटी नावापुरती. त्यात तो एरवीही घुरघुरत श्वास घेतो, त्यामुळे खरी गुरगुर त्या आवाजात बुडून जाते. मग लोक सांगतात, काही न करता चावला. त्याने इशारा दिलेला असतो. तो पकडायचा तर श्वास ऐकावा. चाललेली धाप एकदम थांबली, तोंड मिटले, वजन पुढच्या पायांवर आले, मान गोठली, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसला, की दोन सेकंदांच्या आत त्याला तिथून वळवून न्यावे.

गुरगुरण्याबद्दल मारू नये. मार खाऊन गुरगुरणे बंद होते, राग तसाच राहतो, आणि पुढच्या वेळी थेट दात लागतात. आपण आरडाओरडा केला तर त्याला वाटते घरचेही भुंकायला लागले. विजेचा पट्टा, उताणे पाडून दाबणे, गळपट्टा ओढून झटके देणे हे तर बुलडॉगच्या बाबतीत धोक्याचे आहे. आधीच अडणारा श्वास आणखी अडतो, डोळ्यांवर ताण येतो.

नारळी पौर्णिमा

आज सरावाचे सगळे नीट लिहायचे आहे.

सामान थोडे. छातीचा हार्नेस, सहा फुटांची दोरी, एक गोणपाट किंवा सतरंजीचा तुकडा, आणि मीठ न घालता उकडलेल्या कोंबडीचे हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे, हाडाशिवाय. हा खाऊ दिवसभराच्या आहाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त होऊ नये आणि तेवढे जेवण कमी करावे. वजन वाढले की बुलडॉगचा श्वास आणि सांधे दोन्ही बिघडतात.

आधी कोणी पाहुणा नसताना "जाग्यावर" शिकवायचे. गोणपाट दारापासून बारा-पंधरा फुटांवर, जिथून फाटक दिसत नाही अशा ठिकाणी. पाय टेकला की तुकडा, बसला की तुकडा, बसून राहिला की थोड्या थोड्या वेळाने तुकडा. पाच मिनिटे, दिवसातून दोनदा-तीनदा. मग आपणच घंटा वाजवून त्याला जाग्यावर पाठवायचे. घंटेचा अर्थ "पळ फाटकाकडे" होता, तो "पळ गोणपाटाकडे" असा व्हायला हवा. या एका बदलात आठवडा-दोन आठवडे जातात, आणि तेवढे द्यावेत.

त्यानंतर माणूस. ओळखीचा पण घरचा नसलेला, सांगितलेले ऐकणारा. पाणंदीवर साठ-सत्तर फुटांवर त्याने दिसायचे, तीन-चार सेकंद थांबायचे, आडोशाला जायचे. तो दिसला की कोंबडी सुरू, दिसेनासा झाला की बंद. क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. माणूस आधी, खाऊ मागून. खाऊ आधी काढला तर थोड्याच दिवसांत खाऊचा वास हीच धोक्याची सूचना ठरते. सहा-सात वेळा झाले की थांबावे, पाणी द्यावे, धाप उतरू द्यावी. कुत्रा माणसाकडे बघून आपणहून आपल्याकडे तोंड वळवू लागला की पाच-सहा फूट जवळ यावे. त्याने तुकडा नाकारला, किंवा बोट चावेल इतक्या घाईने ओढला, तर आपण फार जवळ आलो आहोत, मागे जावे. भुंकलाच तर शांतपणे अंतर वाढवावे आणि त्या दिवशी सराव आवरता घ्यावा. भडकलेला कुत्रा वरून गप्प दिसला तरी आतून कितीतरी वेळ निवत नाही.

दोरी सैल हवी. ताणलेली दोरी हातातली भीती थेट त्याच्या अंगात पोचवते.

पाहुण्याने हातावर खाऊ ठेवून जवळ बोलावू नये. भ्यालेला कुत्रा खाण्याच्या ओढीने पुढे येतो, तुकडा संपतो, आणि मग त्याच्या ध्यानात येते की आपण अनोळखी माणसाच्या पायाशी उभे आहोत. चावे इथे बसतात. तुकडा कुत्र्याच्या पाठीमागे टाकावा, म्हणजे खायला तो दूर जातो. पाहुण्याने वाकू नये, डोळ्यांत बघू नये, डोक्यावरून हात फिरवू नये. थोडे तिरके उभे राहून घरच्यांशी बोलत राहावे.

मुक्कामाला येणाऱ्या माणसाची ओळख हद्दीबाहेर करून द्यावी. पाणंदीवर दोघांनी अंतर ठेवून एकाच दिशेने थोडे चालावे, मग पाहुणा आधी घरात जाऊन बसतो आणि कुत्रा नंतर आत येतो. आत आधीच बसलेल्या माणसाला तो पुष्कळदा निमूट स्वीकारतो. तोच माणूस दारातून आत शिरला असता तर भडका उडाला असता.

गोकुळाष्टमी

एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. उन्हाळ्यात ओळखीचा झालेला गडी पावसात इरले किंवा प्लास्टिकची खोळ घेऊन आला की कुत्र्याला तो वेगळाच प्राणी वाटतो. हेल्मेट, उघडलेली छत्री, रेनकोट, खांद्यावरची शिडी यांचा सराव वेगळा करावा लागतो, आणि प्रत्येक वेळी पुन्हा लांबून. नारळ काढणारा पाडेली येणार असेल त्या दिवशी मात्र सराव नको. कमरेला कोयता, माडावरून उतरणारा माणूस, धपाधप पडणारे नारळ हे सगळे एकदम झेपणारे नाही. कुत्रा मागल्या खोलीत.

मुसके घ्यायचे तर आखूड तोंडाच्या कुत्र्यांसाठी असते तेच घ्यावे, ज्यात तोंड पूर्ण उघडून धापा टाकता येतात. तोंड आवळणारी कापडी पट्टी बुलडॉगला कधीही नको. आत घट्ट चक्का लावून त्याला आपणहून तोंड घालू द्यावे, बंद लावायची घाई करू नये. दोन-तीन आठवडे लागतात. मुसके घातलेला कुत्रा नजरेआड ठेवू नये.

एवढे करूनही धावून जाणे कमी होत नसेल, किंवा आधी चावा झालेला असेल, तर वर्तनाची जाण असलेल्या पशुवैद्याला गाठावे. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, कोकणातून तिथवर जाता येते. मन शांत करणारी औषधे असतात आणि सरावाच्या जोडीला ती उपयोगी पडतात, पण दुसऱ्याच्या कुत्र्याची गोळी आपल्याला देऊ नये.

हरतालिका

उद्या गणपती. सराव बंद.

घरातली सगळ्यात थंड, फाटकापासून लांबची खोली आजच लावून ठेवावी. पंखा, पाणी, त्याचे गोणपाट, आणि दही-भोपळा भरून गोठवलेले रबरी खेळणे. पंख्याचा आवाज बाहेरचे ढोल-टाळ थोडे झाकतो. कुत्रा माणसे येण्याआधी खोलीत जायला हवा. भुंकल्यावर कोंडला तर कोंडणे ही शिक्षा होते. दाराला कडी वर, पोरांचा हात पोचणार नाही अशी. कुत्र्याबरोबर मूल एकटे ठेवायचे नाही, घरचे असो की पाहुण्यांचे. पंगत उठून पाने उचलून होईपर्यंत तो बाहेर नको, जमिनीवरच्या अन्नावरून भांडण हमखास. खिरीतले बेदाणे आणि मनुका कुत्र्यांना विषारी असतात, तेही सगळ्यांना सांगून ठेवावे.

धाप थांबत नाही, जीभ गडद लाल किंवा जांभळट, चिकट लाळ, चालताना झोक जातो, अशी लक्षणे दिसली तर अंगावर साधे पाणी ओतून पंख्याखाली घ्यावे आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. निरोगी कुत्र्याचे तापमान ३८ ते ३९.२ सेल्सिअस असते. ४१ च्या पुढे जीव धोक्यात.

आणि कोणाला दात लागलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, कुत्र्याला लस टोचलेली असली तरी. दंडातल्या रेबीजच्या इंजेक्शनांचा क्रम ०, ३, ७, १४ आणि २८ वा दिवस असा असतो. कातडी फाटून रक्त आले असेल तर रेबीजविरोधी सीरमही लागते. कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवावा. त्याची रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयापासून, मग दरवर्षी. कागद हाताशी ठेवावा. जनावराबाबत हयगय केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

विसर्जन झाल्यावर दोन-तीन दिवस त्याला नुसते झोपू द्यावे. मग सराव पुन्हा सुरू करावा, तो ज्या अंतरावर शेवटी निवांत होता त्याच्याही दहा फूट मागून.