कंपनीचीच काच, तरी क्लेम अडकला (इंदूरचा अनुभव)

आधी कामाचं सांगतो, राग नंतर. गाडीची समोरची काच फुटली आणि ती ऊन अडवणारी हिरवट काच कंपनीतूनच आलेली असेल, तर वर्कशॉपवाल्याने ती काढायच्या आत खालच्या कोपऱ्यातल्या शिक्क्याचा फोटो घेऊन ठेवा. जवळून, अक्षरं वाचता येतील असा. माझ्याकडे होता म्हणून सुटलो.

झालं असं की राऊच्या पुढे डंपरमधून गिट्टी उडाली आणि काचेवर टपोरा तारा पडला. मे महिना, गाडी दिवसभर उन्हात, बसलं की एसी फुल, मग काय, तडा बघता बघता या टोकापासून त्या टोकाला. इन्शुरन्सला फोन, वर्कशॉपला गाडी, सर्व्हेअर आला, फोटो काढले, सगळं इतकं पटापट की मी घरी सांगूनही टाकलं, बाबा, या रविवारी उज्जैनला नेतो तुम्हाला. सासरे खूश.

मग मेल आला. वर्कशॉपने एस्टिमेटमध्ये लिहिलं होतं ‘विंडशील्ड, ग्रीन टिंटेड, आयआर कट’, म्हणजे समोरची काच, हिरवट, इन्फ्रारेड (उन्हातली न दिसणारी उष्णता) अडवणारी. त्यावर क्लेम डेस्कचं म्हणणं, टिंटेड काच कायद्याने बंद आहे, साध्या काचेचे पैसे मंजूर, वरचा फरक ग्राहकाने भरावा. फरकाचे पैसे टोचलेच, पण डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने. जी काच शोरूममधून गाडीसोबत आली, जिच्यावर आयएसआयचा शिक्का आहे, ती बेकायदेशीर? म्हणजे मी इतकी वर्षं रोज राजेंद्रनगर ते पलासिया गुन्हा करत जात होतो म्हणायचं.

फोन लावला. “सर, टिंटेड तो बैन है ना, सुप्रीम कोर्ट का ऑर्डर है.” म्हटलं भैया, ऑर्डर मीही वाचलीय. 27 एप्रिल 2012 चा निकाल आहे आणि तो काचेवर वरून चिकटवलेल्या फिल्मबद्दल आहे. काच बनतानाच रंगीत असेल तर चालते, फक्त केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 100 प्रमाणे समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. पलीकडे शांतता, मग “आप मेल कर दीजिए.” मेल केला. उत्तर आलं, मजकूर जसाच्या तसा, खाली नाव फक्त दुसरं.

पुन्हा मेल, पुन्हा फोन, दर वेळी नवा माणूस आणि पहिल्यापासून रामायण. शेवटी एकाने सांगितलं, या मॉडेलला ही काच कंपनी फिटेड आहे असं डीलरचं लेटर आणा. वर्कशॉपचा ॲडव्हायझर म्हणाला, असं लेटर आम्ही देत नाही, कंपनीला लिहा. कंपनीचा कस्टमर केअर म्हणे डीलरशी बोला. आणि गाडी शेडमध्ये उभी, काच काढलेली, तिथे प्लॅस्टिकचा कागद टेपने डकवलेला, एका रात्री वादळी पाऊस झाला तेव्हा मला झोप नाही.

ॲडव्हायझर मधूनमधून समजवायचा, “साधी लावून टाका ना सर, दिसायला तीच.” दिसायला तीच, पण काम तेच नाही ना! उन्हाच्या ऊर्जेतला जवळपास निम्मा भाग इन्फ्रारेड असतो, तो डोळ्याला दिसतच नाही, त्यामुळे काच किती काळी आहे एवढ्यावरच गाडी किती तापेल ते ठरत नाही. समोरची काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाचा प्लॅस्टिकचा थर, तो अल्ट्राव्हायोलेट तर साध्या काचेतही जवळजवळ सगळं अडवतो. इन्फ्रारेडला मात्र वेगळी सोय लागते. एक तर ते शोषून घ्यायचं, म्हणजे काचेतच लोह जास्त (तो हिरवा रंग त्याचाच) किंवा पीव्हीबीमध्ये अतिबारीक कण मिसळलेले, नाहीतर चांदीचा अतिशय पातळ थर देऊन ते परत फेकायचं. शोषणारी काच स्वतः तापते आणि थोडी उष्णता आत सोडतेच, पण इंदूरच्या मे महिन्यात तेवढा फरकही मला हवा होता आणि त्याचे पैसे मी गाडी घेताना दिलेले होते.

मध्येच एका फिल्मवाल्याकडेही जाऊन आलो. साधी काच लावा, वर क्लिअर फिल्म मारतो, कोणी पकडत नाही म्हणाला. इथे भानगड आहे. 2021 पासून लागू झालेल्या नियमात आतून प्लॅस्टिकचा थर असलेली सेफ्टी ग्लेझिंग (सुरक्षित काच) चालते, आणि 2024 मध्ये केरळ हायकोर्टाने 70-50 पाळणाऱ्या फिल्मला दंड करता येणार नाही असं म्हटलंय. पण चौकातल्या हवालदाराला केरळचा निकाल कोण वाचून दाखवणार? मी नाही.

तर सुटलं कसं. पार्ट्सच्या खिडकीवरचा मुलगा चांगला निघाला. लेटर देता येत नाही म्हणाला, पण चेसिस नंबर टाकून त्याने कॅटलॉगचं पान प्रिंट करून दिलं, त्यात माझ्या व्हेरियंटला याच काचेचा एक पार्ट नंबर. ते पान, शिक्क्याचा फोटो आणि नियम 100, तिन्ही जोडून विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली, तिची कॉपी क्लेम डेस्कला, आणि खाली एक ओळ, की पुढे भोपाळच्या इन्शुरन्स ओम्बड्समनकडे (विमा लोकपालाकडे) जाईन. त्यानंतर सुधारित ॲप्रूव्हल आलं. सॉरी नाही, कारण नाही, नुसता आकडा. मी तो मेल उभ्या उभ्या बायकोला वाचून दाखवला.

म्हणून एस्टिमेट पाठवायच्या आधीच ॲडव्हायझरला सांगा, टिंट-बिंट काही लिहू नको, नुसता पार्ट नंबर लिही.

हो, अँटी-रिफ्लेक्टिव्हचं, म्हणजे प्रतिबिंब कमी करणाऱ्या कोटिंगचं, राहिलं. रात्री समोरच्या एलईडी लाइटांचा आणि दुपारी डॅशबोर्डच्या प्रतिबिंबाचा मला त्रास होतो, म्हणून चष्म्यासारखं कोटिंग काचेला मिळतं का विचारलं. काचेची प्रत्येक बाजू साधारण 4 टक्के उजेड परत फेकते, कोटिंगचा थर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतका पातळ असतो आणि थराच्या वरून आणि खालून परत येणारी दोन परावर्तनं एकमेकांना मारतात. पण समोरची काच तिरकी, त्यात बाहेरून वायपर आणि धूळ घासत राहणार, असा नाजूक थर तिथे टिकणं अवघड. दुकानात अँटी-ग्लेअर म्हणून जे दाखवलं ती रंगीत फिल्मच होती. डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश मारणं बंद केलं, दुपारचा त्रास बराच कमी झाला. फुकटात.

जुन्या काचेबरोबर फास्टॅग जातो, काढताना तो फाटतोच, त्यामुळे नवा आधीच मागवा. चांदीच्या थराची काच असेल तर धातू टॅगचा सिग्नल अडवतो, आरशाजवळ थर नसलेली जागा सोडलेली असते, टॅग तिथेच लावा. काच बसल्यावर एक-दोन दिवस दारं आपटू नका, खिडकी बोटभर उघडी ठेवा, प्रेशरने धुऊ नका.

आणि पैशाचं: काचेला डेप्रिसिएशन (भाग जुना झाला म्हणून होणारी कपात) लागत नाही, ती कपात टाळणारं झिरो डेप कव्हर नसलं तरी. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये खिशातून जातातच, त्याहून मोठ्या इंजिनाच्या गाडीला 2000. पण नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जातो, तो 50 टक्क्यांवर असेल आणि काच साधी, स्वस्तातली असेल तर हिशोब करून मगच क्लेम टाका.