बॅगा उतरवायला किती वेळ लागतो?

शुक्रवार पेठेत, मंडईपासून चालत पाच-सात मिनिटांवर एक दुमजली वाडा आहे. बहुतेक भाडेकरू निघून गेलेले, मागच्या चौकात पिंपळ उगवलेला, पण सागवानी खांब आणि दिंडीदरवाजा अजून शाबूत. मालकांच्या पुतण्याने वाडा पाडून इमारत उठवण्याऐवजी तिथे चौदा खोल्यांचं बुटीक हॉटेल काढायचं ठरवलं. खाली कॅफे, गच्चीवर रेस्टॉरंट. पुण्याच्या पेठेत वाडा असलेला माणूस बिल्डरकडे गेला नाही, एवढ्यावरच मला तो आवडला होता. शेजाऱ्यांना नव्हता. गल्लीतल्या घरांनी सह्या गोळा करून हरकत दिली. तिच्यात पहिला मुद्दा पार्किंगचा, दुसरा गच्चीवरच्या आवाजाचा आणि तिसरा, जरा वेगळ्या शब्दांत, पुन्हा पार्किंगचा.

मी वाहतूक सर्वेक्षणाचं काम करते. हॉटेलच्या आर्किटेक्टने आम्हाला बोलावलं ते ‘सकाळी दहा ते संध्याकाळी सहा पार्किंग मोजून द्या’ एवढ्यापुरतं. रात्री अकरापर्यंत मोजू, असा हट्ट मी धरला. हॉटेलात माणसं जेवायला आणि झोपायला येतात, ती काय दुपारी तीनला?

आमची पद्धत साधी आहे. गल्लीचे तुकडे पाडायचे, दर अर्ध्या तासाने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं आणि उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे लिहायचे. सगळे तक्ते जुळवले की कुठली गाडी किती वेळ हलली नाही ते कळतं. काम कंटाळवाणं आहे, पण दुपारपर्यंत गल्लीचं चरित्र पाठ होतं. कोण दुकानदार, कोण रहिवासी, कोण तुळशीबागेत खरेदीला आलंय आणि ‘पाचच मिनिटं’ म्हणून दोन तास गायब आहे.

सकाळी दहाला माझ्याबरोबरच्या दोन्ही मुलांना वाटलं, गल्लीत बऱ्यापैकी जागा आहे. साडेअकराला ती संपली होती. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांत काम करणारी मंडळी दुचाक्या आत आणून लावतात आणि दुकान बंद होईपर्यंत हलवत नाहीत. त्यांना तरी बोलायचं काय, मुख्य रस्त्यावर लावली की टोइंगवाले उचलतात. गल्लीत पी-वन, पी-टूच्या पाट्या आहेत, म्हणजे सम तारखेला एका बाजूला, विषमला दुसऱ्या. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना एकेक रांग कायमची होती आणि पाटीच्या खांबालाच एक सायकल साखळीने बांधलेली होती.

शिवाय न हलणाऱ्या गाड्या. कव्हर घातलेली मारुती एट हंड्रेड, चाकांत हवा नसलेल्या स्कूटर, एका ओट्यासमोर तर नुसत्या दोन कुंड्या आणि मध्ये फरशीचा तुकडा, म्हणजे जागा धरून ठेवलेली. आमच्या तक्त्यात कुंडीसाठी रकाना नसतो. मी तो हाताने आखला.

दुपारी वाड्यासमोर टेप धरली. ओट्यापासून ओट्यापर्यंत गल्ली पाच मीटरला थोडी कमी भरली. एका बाजूला दुचाक्या आडव्या लावल्या की दोन मीटर जातात. उरतात तीनच्या आत. टॅक्सीची रुंदी पावणेदोन मीटर धरली, आरसे सोडून, तर उभ्या टॅक्सीशेजारून स्कूटर जाते, तीही आरसा दुमडून. रिक्षा जात नाही. हे गणित कागदावर मांडायला दोन ओळी लागतात आणि नकाशावर ते दिसत नाही, कारण नकाशात गल्ली मोकळी असते.

आर्किटेक्टची भिस्त नियमावलीवर होती. मुंबई सोडून जवळजवळ साऱ्या राज्याला 2020 च्या डिसेंबरपासून एकच बांधकाम नियमावली लागू झाली. तिच्यात हॉटेलचं पार्किंग खोल्यांच्या हिशेबाने निघतं: इतक्या खोल्यांना इतक्या मोटारी, इतक्या दुचाक्या. मोटारीला अडीच बाय पाच मीटर, दुचाकीला एक बाय दोन. वाड्यात मोटार शिरतच नाही, दिंडीदरवाजातून कशी शिरेल, म्हणून ती संख्या जवळच्या महापालिकेच्या वाहनतळावर भाड्याने घेऊन दाखवायची, असा बेत होता. कागदोपत्री तो ठीकही होता. खोल्यांबद्दल मलाही चिंता नव्हती. असल्या हॉटेलात उतरणारे बाहेरगावचे असतात, विमानतळावरून टॅक्सीने येतात, दोन दिवस पायी हिंडतात. मंडईचं मेट्रो स्टेशन 2024 मध्ये सुरू झाल्यापासून तर स्वारगेट आणि शिवाजीनगर दोन्ही हाताशी आले आहेत.

माझी नजर संध्याकाळच्या रकान्यांवर होती. साडेसात ते साडेनऊ या वेळात दुकानातली माणसं अजून गेलेली नसतात आणि राहणारी माणसं कामावरून परतलेली असतात. तुळशीबागेतले उशिराचे गिऱ्हाईकही त्यातच. एकाच जागेला तीन दावेदार. कॉलेजातून येणारी एक मुलगी स्वतःच्याच घरासमोर तीन चकरा मारून शेवटी गाडी मारुतीच्या देवळाच्या पायरीशी लावून गेली. आणि गच्चीवरचं रेस्टॉरंट उघडणार होतं नेमकं आठ वाजता.

त्याच संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात मालकांनी शेजाऱ्यांना बोलावलं होतं. मी वही घेऊन मागे बसले. सुरुवात ओळखीच्या वळणाने झाली. एका काकूंनी विचारलं, दारू मिळणार का. पुतण्या नाही म्हणाला. कोणीतरी मागून म्हणालं, आत्ता नाही. मग गणपतीवर आले. दहा दिवस मंडपामुळे गल्लीचं तोंड अर्धं बंद असतं, मंडईच्या परिसरात रात्री गाडी आणायची सोय नसते, तेव्हा तुमचे पाहुणे काय उडत येणार? पुतण्या शांतपणे उत्तरं देत होता, आणि खरं सांगायचं तर बरीचशी उत्तरं बरोबर होती. पण टॅक्सीच्या प्रश्नावर तो म्हणाला, “आजोबा, बॅगा उतरवायला वेळ किती लागतो? दोन मिनिटं.”

आजोबा निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. “पावणेनऊ होतायत. तुझी गाडी कुठंय?”

“बाजीराव रोडला.”

“आण. बॅगाही आण. उतरवून दाखव.”

सभा हसली, पण कोणी विषय बदलेना. पुतण्या माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, आणा, माझाही तक्ता पुरा होईल. मनातून मी खूश होते. असा प्रयोग आम्ही अहवालासाठी मागितला असता तर कोणी करू दिला नसता.

एर्टिगा आली. नुसती आत शिरायलाच वेळ लागला, कारण कोपऱ्यावरच्या दोन स्कूटर उचलून सरकवाव्या लागल्या. गाडी दिंडीदरवाजासमोर थांबली तशी मी घड्याळ सुरू केलं. डिकी उघडली, मागे उभ्या दुचाकीला लागेल म्हणून अर्धीच उघडली. घरातल्याच दोन मोठ्या बॅगा आणि एक पिशवी आडवी करून बाहेर काढली. पाहुण्या आजींच्या भूमिकेत काकू स्वतःच मागच्या सीटवरून उतरल्या, गुडघे धरत, आणि त्यात अभिनय अजिबात नव्हता. अडीच मिनिटांच्या आसपास सगळं उरकलं. पुतण्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली.

पण तोवर मागे पाण्याच्या जारचा टेम्पो येऊन टेकला होता, त्यामागे दुचाक्या, समोरून एक रिक्षा. एर्टिगाला पुढे जायचं तर रिक्षा मागे जायला हवी, रिक्षामागे दोन स्कूटर, त्यांतल्या एकीवर मूल झोपलेलं. मागे यायचं तर टेम्पो. टेम्पोवाला म्हणाला, मला इथेच जार द्यायचेत, मी कशाला मागे जाऊ? हॉर्न सुरू झाले. गॅलऱ्यांत माणसं आली. शेवटी पोस्टमास्तरांनीच पुढे होऊन सगळ्यांना सरकवलं. गल्ली मोकळी झाली तेव्हा माझ्या घड्याळात अकरा मिनिटं होऊन गेली होती.

बॅगांना अडीच, सुटायला बाकीची. दोन्ही आकडे मी मोठ्याने वाचून दाखवले. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. पुतण्या घाम पुसत एवढंच म्हणाला, “एकाच गाडीला हे झालं.” गच्चीवर जेवायला येणारे रोज किती असतील, हा हिशेब त्याने तिथेच मनात केला असावा.

अहवालात मी खोल्यांवर अर्धं पान लिहिलं आणि गच्चीवर चार. आर्किटेक्टला ते रुचलं नाही. नियमावलीने विचारलंय तेवढं द्या, असा त्यांचा आग्रह होता, आणि कायद्याच्या भाषेत त्यांचं चूक नव्हतं. पण बाहेरच्या गिऱ्हाइकासाठीचं रेस्टॉरंट रात्री आठला त्या गल्लीत चालवणं शक्य नाही, हे वाक्य मी काढलं नाही. पुतण्याने फोन केला. “मॅडम, चौदा खोल्यांवर वाड्याची डागडुजीसुद्धा निघत नाही. गच्ची गेली की हिशेब बसत नाही.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाडे का पडतात याचंही उत्तर बहुधा तिथेच आहे.

महिनाभराने सुधारित प्रस्ताव आला. गच्ची फक्त उतरलेल्या पाहुण्यांसाठी. कॅफे संध्याकाळी सहापर्यंत. टॅक्सी बाजीराव रोडच्या कोपऱ्यावरच थांबणार, तिथून ढकलगाडीवर बॅगा, सोबत एक मुलगा. कर्मचाऱ्यांच्या दुचाक्यांना वाहनतळाचे मासिक पास. शेजाऱ्यांनी यातलं जवळजवळ सगळं मान्य केलं, फक्त ढकलगाडीला रबरी चाकं हवीत अशी लेखी अट घातली. सध्या फाइल महापालिकेत आहे.

मी अहवालात आणखी एक सूचना केली होती. वर्षानुवर्षं न हललेल्या गाड्या उचलल्या तर गल्लीत दहा-बारा दुचाक्यांची जागा आजच होईल, आणि त्यांची यादी सोबत जोडली होती. ती प्रत हरकतदारांकडे गेल्यावर पोस्टमास्तरांचा फोन आला. काम चांगलं झालंय म्हणाले, यादी क्षेत्रीय कार्यालयाला जरूर द्या म्हणाले. मग जरा थांबून, “अनुक्रमांक सातची बजाज प्रिया आमची आहे. ती तेवढी वगळा. चालू होते ती.”