घड्याळात १८.९ सेकंद

आइस हॉकीत माझं काम आकड्यांचं. गोलवर शॉट किती आले, गोल पडला तेव्हा बर्फावर दोन्ही बाजूंचे कोणते नंबर होते, असिस्ट, म्हणजे गोलला मदत करणारा पास, कुणाचा. मी नंबर ओरडतो, शेजारचा टाइप करतो. सांगलीत क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग करायचो, मिनियापोलिसला आल्यावर ती खोड इकडे वळली. नियम तोच, पंचाने खूण केल्याशिवाय काही लिहायचं नाही.

२३ मार्च २०२५. अमेरिकेच्या कॉलेज महिला आइस हॉकीची राष्ट्रीय फायनल, विस्कॉन्सिन विरुद्ध ओहायो स्टेट, रिडर अरेनात. हे रिंक मिनियापोलिसमधल्याच मिनेसोटा विद्यापीठाचं, २००२ साली खास मुलींच्या हॉकीसाठी बांधलेलं. विस्कॉन्सिनशी इथल्या लोकांचं जुनं हाडवैर, आणि उपांत्य सामन्यात मिनेसोटाला घरी बसवलं होतं ते त्यांनीच. त्यामुळे अर्धं स्टेडियम कुणाच्या बाजूने होतं ते सांगायला नको.

हेच दोन संघ सलग तिसऱ्या वर्षी फायनलला आले होते. २०२३ मध्ये विस्कॉन्सिनने १-० अशी बाजी मारली, २०२४ मध्ये ओहायो स्टेटने त्याच फरकाने परतफेड केली. २०२३ चा तो एकमेव गोल कर्स्टन सिम्स या पहिल्या वर्षाच्या पोरीचा. मिशिगनमधल्या प्लिमथची. पण या फायनलच्या आधी सगळ्यांच्या तोंडी नाव होतं तिच्या संघातल्या केसी ओब्रायनचं. मोसमात गोल आणि असिस्ट मिळून ८८ गुण, आणि आदल्याच दिवशी पॅटी कॅझमायर पुरस्कार, म्हणजे कॉलेज महिला हॉकीतला सर्वोच्च मान. विस्कॉन्सिन अख्ख्या मोसमात एकच सामना हरलं होतं.

आणि आता दुसरा हरायच्या बेतात होतं. ओहायो स्टेट ३-२ ने पुढे, शेवटचं मिनिट. शेवटच्या मिनिटात फलकावर सेकंदाचे दशांशही दिसायला लागतात. ओहायोच्या गोलसमोर काठ्यांची आणि पायांची नुसती गर्दी. शिट्टी वाजली तेव्हा १८.९ उरले होते. रेफरी कानाला हेडफोन लावून स्क्रीनपाशी वाकले. स्वतःच्या गोलसमोरच्या निळ्या पट्ट्यात गोलरक्षक सोडून कुणी पकवर, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीवर, हात ठेवला तर समोरच्या संघाला थेट पेनल्टी शॉट. प्रश्न तेवढाच होता.

तो वेळ संपता संपेना. प्रेसच्या रांगेत जल्लोष करायचा नाही असा दंडक आहे, पण कुजबुजायला बंदी नाही. माझा शेजारी बोटं कीबोर्डवर टेकवून बसला होता. खाली मुली स्केट्सवर गोल गोल फिरत पाय गरम ठेवत होत्या. मग रेफरीने खूण केली : पेनल्टी शॉट.

इतक्या मोठ्या सामन्याचा निकाल असा लावू नये, असं नंतर बरेच जण म्हणाले. मला पटत नाही. हात पकवर होता, बस. शेवटची वीस सेकंदं उरलीत म्हणून नियम पातळ करायचा, तर मग पहिल्या मिनिटातच का पाळायचा?

आमच्या रांगेतल्या नजरा ओब्रायनकडे होत्या. मध्यरेषेवर आली सिम्स. समोर एकटी गोलरक्षक अमांडा थिली. बाकी सगळ्यांना बाजूला काढलेलं, घड्याळ थांबलेलं. पक एकदा हलवला की पुढेच न्यायचा, मागे वळायचं नाही. मी तिच्याकडे बघतच नव्हतो. माझे डोळे जाळ्यावर, कारण मला लिहायचं असतं ते तिथलं. जाळं हललं. ३-३.

लिहायला सगळ्यात सोपा गोल तो. आमच्या कागदावर वेळ उलटी लागते, उरलेली नाही तर वीस मिनिटांच्या सत्रात खेळून झालेली, म्हणून १९:४१. पेनल्टी शॉटला असिस्ट नसतो, बर्फावर कोण होतं तेही मोजत नाहीत. एक नंबर, एक वेळ, संपलं. शेजाऱ्याने तरी विचारलंच, ‘‘पॉवर प्लेमध्ये धरायचा?’’ म्हणजे समोरची खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या गोलांत. नाही, धरत नाहीत.

ओव्हरटाइमला पहिला गोल करेल तो विजेता. माझा घसा नंबर ओरडून बसला होता. २ मिनिटं ४९ सेकंदांवर पुन्हा सिम्स. ४-३, विस्कॉन्सिनचं आठवं विजेतेपद. हेल्मेटं, हातमोजे, काठ्या, सगळं हवेत. त्यांचे कोच मार्क जॉन्सन, १९८० च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवणाऱ्या अमेरिकन संघातले.

आम्हाला मात्र उसंत नाही. पत्रकार शेवटचा कागद मागत दारात उभे, प्रिंटर नेहमीसारखा अडून बसलेला. खरं सांगायचं तर आमच्या कागदात सिम्ससारखीचं मोजमाप नीट बसत नाही. पहिल्या मिनिटातला गोल आणि १९:४१ चा गोल, बेरजेत दोन्ही एकच. पुढे २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी तिला अमेरिकेच्या संघात घेतलं. निवडणाऱ्यांनी बेरजेपलीकडचंही बघितलं असणार. त्या संध्याकाळी एका पत्रकाराने मला विचारलं, ‘‘तिचा तो पेनल्टी शॉट नक्की किती सेकंदाला?’’ मी म्हटलं, घड्याळ बंद होतं हो.