भोकाचा पैसा

आजीची ट्रंक उघडून वाटण्या झाल्या तेव्हा मी फक्त पितळी डबी मागून घेतली. सत्तावीस वर्षं बँकेत कॅश काउंटरवर बसते, त्यामुळे नाणं न बघता नुसत्या आवाजावरून कळतं. डबी हलवली आणि आत दोन आवाज ऐकू आले. एक भरीव, दुसरा किणकिण करणारा, हलका.

हलका आवाज भोकाच्या पैशांचा होता. काळ्या दोऱ्यात ओवलेले पाच पैसे, सगळे १९४३ ते १९४५ चे. वर मुकुट, मागे पानांची माळ आणि मधोमध हे एवढं मोठं भोक. राजाचं डोकं ठेवायला जागाच उरलेली नाही.

मागच्या शनिवारी ते घेऊन जांभळी नाक्यावरच्या ओळखीच्या सराफाकडे गेले. डबीतलाच १९३९चा जुना पैसा काट्यावर पावणेपाच ग्रॅम भरला. १९४३चा भोकाचा पैसा दोन ग्रॅमलाही थोडा कमी. किंमत मात्र दोघांची तीच, रुपयाला चौसष्ट. तांबं युद्धाला हवं होतं आणि बाजारात चिल्लर मिळत नव्हती, म्हणून सरकारने पैशाचं पोटच कापून काढलं. आजी सांगायची, त्या दिवसांत उथळसरचा वाणी सुटे द्यायचाच नाही. पाठकोऱ्या कागदावर दोन पैसे, तीन पैसे असं लिहून द्यायचा आणि त्या चिठ्ठ्या ती पदराच्या गाठीत बांधून ठेवायची.

ती १९४१ साली लग्न होऊन ठाण्याला आली, पंधरा वर्षांची. माहेर माणगाव तालुक्यातलं, म्हणजे जेवण भाताचं. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा थांबला. पुढच्या वर्षी मे महिन्यात मुंबईत रेशनिंग आलं. "कंट्रोल" हा शब्द आजीने शेवटपर्यंत सोडला नाही. रेशनच्या दुकानाला ती नव्वदीतही कंट्रोलच म्हणायची.

भरीव आवाज होता १९१८च्या रुपयाचा. खरा बंदा रुपया, बारा भागांत अकरा भाग चांदी. तोही युद्धातलाच, पहिल्या. मेसोपोटेमियात आपल्या पलटणी लढत होत्या, तिकडेही आपलाच रुपया चालत होता, आणि इथे चांदी इतकी अपुरी पडली की ३० नोव्हेंबर १९१७ला सरकारने एक रुपयाची नोट पहिल्यांदा काढली. दुसऱ्या युद्धात, १९४० पासून, रुपयातली चांदी निम्म्यावर आली. डबीत १९४२चाही एक आहे. घरी दोन्ही शहाबादी फरशीवर टाकून पाहिले. १९१८चा खणखणतो, १९४२चा त्याच्यापुढे बद्द वाजतो. मी चारदा टाकले. आवाजातला तो फरक ऐकून मला फार वाईट वाटलं.

आजीचा थोरला भाऊ, आमचे बाबामामा, मराठा पलटणीत होते, इटलीत. त्यांची मनीऑर्डर गावी यायची ती एक रुपयाच्या नोटांत. पणजी पोस्टमनला म्हणायची, "कागुद नको रे बाबा, बंदा दे." बंदा रुपया त्याच्याकडे तरी कुठून असणार! त्याच इटलीत, १० जुलै १९४४ला, त्यांच्याच तालुक्यातले पळसगावचे नाईक यशवंत घाडगे पडले. तुकडीतली माणसं मशीनगनपुढे कोसळल्यावर ते एकटे चालून गेले, हातबॉम्ब फेकून ती गन बंद पाडली, उरलेल्यांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं, आणि मग त्यांना गोळ्या लागल्या. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. माणगावला त्यांचा पुतळा आहे, आम्ही गावी जाताना आजी एसटीतून हात जोडायची. बाबामामा परत आले, पण डाव्या कानाने त्यांना कधी ऐकू आलं नाही.

आणि १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. आजोबा मशीद बंदरला एका पेढीवर कारकून. दुपारी चारनंतर ठाण्यात फडताळावरची भांडी हलली. अर्ध्या तासाने पुन्हा, जास्त जोरात. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं होतं. कापसाच्या गासड्या, सुमारे १४०० टन स्फोटकं आणि सोन्याच्या विटा, सगळं एकाच जहाजात भरलेलं. कापूस आणि दारूगोळा शेजारी ठेवणाऱ्यांचा मला आजही राग येतो. शेकडो माणसं गेली, त्यांत आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. आजोबा दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आले. अंगभर काजळी, पायात एकच चप्पल. आजी दारातच बसून होती, रात्रभर.

पुढच्या वर्षी माझे वडील जन्मले. करगोट्यात घालायला चांदीची घुंगरं परवडत नव्हती, म्हणून तिने हे पाच पैसे ओवले. पहिल्या पैशाचं भोक दोऱ्याने एका बाजूला घासून गुळगुळीत झालंय. बोट फिरवलं की कळतं.