पाऊणशे लिंबं आणि एक माणिक

झवेरी बाजारातल्या आमच्या रत्नं तपासायच्या लॅबमध्ये खरी गर्दी दुपारी तीननंतर. दलाल जेवून निघतात आणि खिशात कागदाच्या पुड्या घेऊन एकेक जण जिना चढायला लागतो. त्या दिवशी त्या रांगेत एक आजी होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, ठाकूरद्वारहून चालत आलेल्या, हातात स्टीलचा छोटा डबा. मला वाटलं, जाता जाता कुणाकडे लोणचं द्यायचं असेल. डबा उघडला तर कापसात अंगठी.

"लोणच्याचाच घोळ आहे, मॅडम," त्या म्हणाल्या.

पाऊणशे लिंबांचं लोणचं घातलं होतं. लिंबं चिरताना, बिया काढताना दोन-तीन तास हात रसात. अंगठी बोटात तशीच. दुसऱ्या दिवशी बघतात तर माणकावर पांढऱ्या रेघांची जाळी, जुन्या कपाच्या तड्यांसारखी. चाळीतल्या एका ज्योतिषीबुवांनी लगेच निदान केलं: माणिक सूर्याचं, ते तडकलं म्हणजे घरावर काहीतरी येणार. नातू शहाणा. तो म्हणाला, आधी लॅबमध्ये दाखव, मग शांत करू सूर्याला.

अंगठी आजींच्या सासऱ्यांची. ते गोदीत कारकून होते. रंगूनहून परतलेल्या कुणा ओळखीच्या माणसाकडून त्यांनी खडा घेतला आणि 1956 साली अंगठी घडवली. घरात तिला नावच होतं 'ब्रह्मदेशी'. माणकाच्या बाबतीत हे नाव म्हणजे शब्दशः सोनं. लोकमान्य ज्या मंडालेत होते, तिथून उत्तरेला साधारण 200 किलोमीटरवर मोगोकच्या खाणी आहेत, आणि तिथल्या चांगल्या माणकाची सर बाजार दुसऱ्या कुठल्या खाणीला सहजासहजी देत नाही.

खरं सांगायचं तर खडा हातात घ्यायच्या आधीच मी मनात निकाल लावून टाकला होता. 'आजोबांचं ब्रह्मदेशी माणिक' म्हणून जे येतं, त्यात माझा पहिला संशय व्हर्नॉयवर. या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1902 मध्ये आपली कृती जाहीर केली: अॅल्युमिनाची पूड भडकत्या ज्योतीतून खाली सोडायची, ती वितळून थराथरानं साचते आणि माणकाची कांडी तयार होते. आपल्याकडच्या जुन्या दागिन्यांत असे खडे पुष्कळ सापडतात. घटक तेच, अॅल्युमिनियम ऑक्साइड आणि लाल रंग देणारं चिमूटभर क्रोमियम. त्यामुळे रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खडा प्रकाशाला किती वाकवतो ते मोजणारं यंत्र, दोघांनाही माणिकच म्हणतो. ओळख पटते ती सूक्ष्मदर्शकाखाली, कारखान्यातल्या माणकात ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वळणदार रेघा दिसतात.

रिफ्रॅक्टोमीटरवर 1.762 आणि 1.770 आलं. म्हणजे माणिक. नुसती काच नाही आणि माणकासारखं दिसणारं दुसरं रत्न, स्पिनेल, तेही नाही. (स्पिनेलनं मोठमोठ्यांना फसवलंय. इंग्लंडच्या राजमुकुटातलं 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' प्रत्यक्षात स्पिनेल आहे.) वळणदार रेघांसाठी अंगठी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली, थोडी तिरकी केली आणि खड्याच्या पोटात निळी झाक चमकून गेली. पुन्हा फिरवली, पुन्हा चमकली. मग दिसले बुडबुडे, चपटे, तडांच्या पातळीत दाबल्यासारखे.

माझा आधीचा निकाल केराच्या टोपलीत गेला. हे कारखान्यातलं माणिक नव्हतंच. तडांमध्ये काच भरलेली होती आणि लिंबानं पृष्ठभागाजवळची तेवढी काच खाल्ली होती. माणकाला लिंबू काय करणार? कठीणपणात ते हिऱ्याच्याच खालोखाल, काठिण्य 9. काचेचं तसं नाही.

खात्रीसाठी एक्सआरएफ लावलं. सोन्याचा कस बघायला वापरतात तेच यंत्र, आत कुठली मूलद्रव्यं आहेत ते सांगणारं. पडद्यावर शिशाचा सुळका उभा राहिला. लोखंडही भरपूर दिसलं. मोगोकचं माणिक संगमरवरात जन्मतं, म्हणून त्यात लोखंड अगदी कमी आणि अतिनील दिव्याखाली ते निखाऱ्यासारखं पेटतं. हे मात्र विझत आलेल्या शेगडीसारखं मंद.

आजींना आत बोलावलं, पडद्यावर निळी झाक दाखवली. त्यांचा एकच प्रश्न, आणि तोच सगळ्यात अवघड.

"खरा की खोटा?"

"आजी, माणिक जमिनीतूनच निघालेलं आहे. पण इतकं तडकलेलं आणि मिट्ट होतं की तसंच कुणी अंगठीत घातलं नसतं. मग तडांमध्ये शिसं मिसळलेली काच वितळवून भरतात. ही काच प्रकाशाला माणकाइतकीच वाकवते, साधारण. त्यामुळे तड असूनही दिसत नाही."

"म्हणजे चिक्की."

"काय?"

"दाणे शेतातलेच. पण वडी धरली ती पाकानं."

सतरा वर्षं मी हे लोकांना समजावून सांगतेय. इतकं नेमकं मला कधी जमलं नाही. आणि त्या कौतुकाच्या भरात मी नको ते बोलून बसले.

"पण गंमत बघा आजी, ही शिशाची काच भरायची पद्धत बाजारात आली 2004 च्या सुमारास. त्याआधी 80 च्या दशकात खड्डे बुजवायला काच वापरायचे, पण ती वेगळी, शिशाची नव्हे. मग 1956 च्या अंगठीत हा खडा..."

वाक्य पूर्ण करायची गरज राहिली नाही. मला हे काम शिकवणारे सर सांगायचे, खडा काय आहे तेवढं सांगायचं, घरात काय झालं ते नाही. रिपोर्टातही ते येत नाही. तिथं येतं नाव, वजन, माप, रंग, आणि कुठली प्रक्रिया केली आहे. मी मात्र एका खड्याकडून तारीख वदवून घेतली होती, आणि तीही कुणी विचारलेली नसताना.

आजी बोटाच्या पेरांवर मोजायला लागल्या. "2006 ला मधल्या भाऊजींकडे होती, सहा महिने. 2011 ला कड झिजली म्हणून ह्यांनी दुरुस्तीला टाकली, महिन्याभरानं आणली. 2017 ला हे गेले, तेव्हा मी माझ्या मापाची करून घेतली." अंगठा तिसऱ्या पेरावर गेला आणि हळूच पुन्हा दुसऱ्यावर आला. "त्या साली धाकटीची..." एवढं म्हणून त्या थांबल्या. अंगठा बराच वेळ तिथेच होता.

कोंदणाची कड पुन्हा दाबल्याच्या खुणा मी मघाशीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. एकदाच्या की दोनदाच्या, ते सांगता आलं नसतं. या वेळी मी गप्प राहिले. बाहेरून कुणी दलाल "मॅडम, माझं झालं का?" म्हणून डोकावला, त्याला हातानंच थांबवलं.

"मूळचा तरी खरा होता का गं?" त्यांनी विचारलं. मघाचं 'मॅडम' कधी गळून पडलं ते कळलंच नाही.

"तो समोर असता तर सांगितलं असतं. मोगोकचा असेल, व्हर्नॉयचा असेल. रंगूनहून कारखान्यातले खडेही यायचे."

"आता तो कुणाच्या बोटात असेल, देव जाणे."

रिपोर्ट करायचा का, विचारलं. नको म्हणाल्या. मी तपासणीचे पैसे घेत नव्हते, ते मात्र त्यांनी टेबलावर मोजून ठेवले. मग अंगठी उचलली आणि कापसात न गुंडाळता अनामिकेत घातली. पेरावर अडली, तर थोडी फिरवून सरकवली.

"लिंबू लागू द्यायचं नाही, एवढंच ना?"

"सोनाराला तेजाबात टाकू देऊ नका. आणि दुरुस्तीला आच लावू नका म्हणावं, काच वितळेल."

"बरं," म्हणाल्या, आणि रिकाम्या डब्याचं झाकण घट्ट लावून जिना उतरायला लागल्या.